काडी बघून घड, इंजिन बघून टर्बो

अंदाजाने काम करणारा द्राक्ष बागायतदार निफाड तालुक्यात फार दिवस टिकत नाही. काडीची जाडी बघून तो घड ठेवतो, जास्तीचे घड जीव कळवळला तरी कात्रीने खाली टाकतो, जीएचे (जिबरेलिक ॲसिडचे) द्रावण पीपीएममध्ये मोजतो. माल युरोपला जायचा असेल तर मण्यांत कोणत्या औषधाचा किती अंश उरला आहे, याचा प्रयोगशाळेचा कागद हातात आल्याशिवाय खुडा सुरू करत नाही. हे शहाणपण फुकट आलेले नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, आणि तो फटका नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांना सोसावा लागला. असे असताना हाच माणूस ट्रॅक्टर किंवा गाडी गॅरेजला लावतो तेव्हा मोजमाप बांधावर ठेवून जातो. 'जरा ओढ वाढवून दे' एवढेच सांगतो. मिस्त्री डिझेल पंपाचा स्क्रू फिरवतो, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि धूर बघून दोघांचे समाधान होते. आता तर ऑनलाइन बाजारात टर्बोची अख्खी किट मिळतात, आणि कंपनीच्या साध्या इंजिनावर ती बसवून घेण्याचा मोह गावोगावच्या तरुणांना पडतो आहे. माझे म्हणणे असे की, टर्बो बसवणे हे त्या कामातले सर्वांत सोपे काम आहे. खरे काम त्यानंतरच्या ट्यूनिंगचे, आणि ट्यूनिंग म्हणजे मोजणे. ज्या गॅरेजमध्ये मोजता येत नाही तिथे कंपनीच्या इंजिनावर टर्बो चढवू नये.

टर्बो करतो काय, हे आधी नीट समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू गरम असतो, वेगात असतो आणि एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. त्या वायूने एक छोटे चाक फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवायचे आणि त्या चाकाने बाहेरची हवा इंजिनात कोंबायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूची या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात उंचावर विमानांचा दम सुटायचा, कारण तिथे हवा विरळ. म्हणून १९१८ साली अमेरिकेत पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली गेली. निफाड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणजे हवेचा दाब इथे मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी. तेव्हा टर्बोचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. नाशिकच्या कारखान्यातून २००२ साली बाहेर पडलेली डिझेल स्कॉर्पिओ टर्बोचीच होती, आणि आज डिझेलची जवळजवळ प्रत्येक मोटार आणि पिकअप टर्बोवरच चालते. पण या गाड्यांचे इंजिन टर्बो धरूनच आखलेले असते. आपला प्रश्न आहे तो टर्बोचा विचार न करता घडवलेल्या इंजिनाचा.

किट विकणारा सांगतो, अर्धा बार दाब वाढवला की ताकद दीडपट. हा हिशेब कागदावर मांडून बघा. निफाडला हवेचा मूळ दाब साधारण ०.९५ बार. त्यात ०.५ मिळवला की १.४५, म्हणजे दाब खरोखर दीडपटीच्या किंचित वर गेला. पण सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे बूड तापते, तसे इथेही होते. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४० अंश तापमान असेल, तर एवढी दाबलेली हवा चांगल्या टर्बोतूनही शंभर अंशांच्या घरात तापून बाहेर पडते. टर्बो हलक्या प्रतीचा असेल तर त्याहून जास्त. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब दीडपट झाला तरी सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष हवा जाते ती २८-३० टक्केच जास्त. मध्ये इंटरकूलर घालून ती हवा साठ अंशांपर्यंत थंड केली, तर हा आकडा ४० टक्क्यांच्या पुढे सरकतो. म्हणजे इंटरकूलर नसलेले स्वस्त किट घेणारा माणूस दाबाचे पैसे मोजतो आणि पदरात पाडून घेतो उष्णता. ती उष्णता पुढे पिस्टनच्या माथ्यावर, हेड गॅस्केटवर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जाते. पेट्रोल इंजिनातून पूर्ण जोरात निघणारा वायू ८५० ते ९५० अंशांचा असतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मधल्या या दरीत इंजिन जिवंत राहते ते तेल, पाणी, इंधनाचे अचूक प्रमाण आणि ठिणगीची अचूक वेळ या चार गोष्टींच्या आधारावर. टर्बो बसवला की चारही गोष्टींचे जुने हिशेब मोडतात, आणि ते नव्याने मांडण्यालाच ट्यूनिंग म्हणतात.

पेट्रोल गाडीत यातली मेख म्हणजे नॉकिंग. ठिणगीने लावलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकते आणि पिस्टनवर घाव बसतो. आजच्या साध्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्रेशन रेशो बहुधा १० ते १२ असतो, कारण मायलेज त्यातून मिळते. त्यावर टर्बोचा दाब चढला की नॉकिंग दारातच उभे. ते टाळायला ठिणगी उशिरा द्यावी लागते आणि जोर असताना इंधन जास्त सोडावे लागते. किती उशिरा आणि किती जास्त, हे प्रत्येक आरपीएमला आणि प्रत्येक दाबाला वेगळे. तो तक्ता त्या इंजिनावर, त्या हवेत आणि त्या पेट्रोलवर तयार करायचा असतो. पेट्रोलचा मुद्दा तर आपल्याकडे फारच महत्त्वाचा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते, ही टर्बोवाल्याच्या फायद्याची गोष्ट. पण शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन वजनाने आठ-नऊ टक्के जास्त हवे. परदेशातून किटसोबत आलेली तयार फाइल इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर बनवलेली असेल, तर ती इथे इंजिनाला उपाशी ठेवते. हलक्या जोरात ऑक्सिजन सेन्सर ही चूक सांभाळून घेतो. पूर्ण जोरात मात्र बऱ्याच गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सेन्सरकडे न बघता ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि नेमक्या त्याच क्षणी इंधन कमी पडते. कंपनीचे इंजेक्टर मूळ ताकदीपुरतेच मोजून बसवलेले असतात, ते अशा वेळी पूर्ण उघडे राहूनही पुरत नाहीत.

असे मेलेले इंजिन उघडले की काय दिसते ते एकदा जवळून बघावे. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चकचकीत बारीक ठिपके असतात. ते पिस्टनचे ॲल्युमिनियम, वितळून उडालेले. पिस्टनच्या माथ्याची कड वाळवीने खाल्ल्यासारखी खडबडीत. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पातळ पट्टी तडकलेली, आणि तिचा तुकडा बोअरला उभा ओरखडा काढून गेलेला. या सगळ्याला वर्ष लागत नाही. पूर्ण जोरातले काही सेकंद पुरतात, आणि आतून येणारा टकटक आवाज सायलेन्सरच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. म्हणूनच रात्री मोकळ्या महामार्गावर गाडी पळवून, मांडीवर लॅपटॉप ठेवून केलेल्या ट्यूनिंगला मी ट्यूनिंग मानत नाही. त्यात रस्त्यावरच्या इतरांचा जीव धोक्यात येतो हे तर आहेच, शिवाय तिथे ना भार स्थिर असतो ना वेग. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी बांधून, हवा आणि इंधनाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावून, नॉकिंग ऐकणारे उपकरण जोडून, दाब थोडा थोडा वाढवत जाणे ही त्या कामाची रीत आहे.

यावर तयार उत्तर असते की कंपन्या इंजिनात भरपूर जागा सोडतात, आपण ती वापरतो इतकेच. जागा सोडतात हे खरे. पण ती कशासाठी सोडलेली असते? भेसळीच्या इंधनासाठी, मे महिन्याच्या उन्हासाठी, कचऱ्याने भरलेल्या रेडिएटरसाठी, ऑइल बदलायला दोन महिने उशीर करणाऱ्या मालकासाठी आणि ट्रॉलीत दीडपट माल भरणाऱ्या ड्रायव्हरसाठी. आपल्याकडे ही जागा टर्बो येण्याआधीच वापरून झालेली असते. दुसरे असे की, मोटार कंपन्या स्वतः साध्या इंजिनावर टर्बो चढवतात तेव्हा त्या काय करतात ते बघावे. स्वीडनच्या साबने १९७७ साली ९९ टर्बो आणली, तेव्हा कॉम्प्रेशन रेशो ७.२ पर्यंत खाली ओढला. त्याआधी १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर ही गाडी काढली. तिचा रेशो होता १०.२५, आणि नॉकिंग थांबवण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडायची सोय होती. मालक ती टाकी भरायला विसरायचे. दोन वर्षांत गाडी बंद झाली, आणि पुढे बऱ्याच गाड्यांवरचा टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले गेले. हाताशी सगळे अभियंते आणि प्रयोगशाळा असलेल्या कंपनीला जे जमले नाही, ते चार बोल्ट आणि एका फाइलच्या भरवशावर जमेल असे मानायला आधार नाही. आपल्या ओळखीचे उदाहरण १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेलचे. रांजणगावलाही हे इंजिन बनत होते आणि स्विफ्टपासून कितीतरी गाड्यांत ते होते. ७५ अश्वशक्तीवरून ९० पर्यंत नेताना कंपनीने टर्बोच बदलला, फिरत्या पात्यांचा लावला. टॉर्क मात्र वाढवला १९० वरून फक्त २०० न्यूटन मीटरपर्यंत. म्हणजे जास्तीची ताकद वरच्या आरपीएममध्ये काढली आणि कनेक्टिंग रॉड, क्लच, गिअरबॉक्सवर येणारा पीळ जवळजवळ होता तिथेच ठेवला. सुटा टर्बो विकणारा याच्या नेमके उलटे करतो. कमी आरपीएमला दणका बसला की गिऱ्हाईक खूश होते, आणि रॉड वाकतात तेही त्याच दणक्याने.

डिझेलवाल्यांचा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि त्याला मान दिला पाहिजे. डिझेल इंजिनात नॉकिंगचा हा धोका नसतो. तिथे हवा मुळात गरजेपेक्षा जास्त घेतलेली असते, आणि ताकद ठरते किती डिझेल सोडले त्यावर. डिझेल न वाढवता हलका टर्बो लावला तर जळण उलट स्वच्छ होते, धूर कमी होतो, एक्झॉस्टचे तापमानही उतरू शकते. ट्रॅक्टरला टर्बो ही काही अघोरी कल्पना नव्हे. अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्सने १९६१ सालीच डी-१९ हा टर्बो डिझेल ट्रॅक्टर शेतात उतरवला, आणि त्यानंतरच्या काळात तिथे जुन्या ट्रॅक्टरांसाठी टर्बोची सुटी किटही विकली गेली. हे सगळे मान्य. पण आपल्याकडे 'डिझेल न वाढवता' या तीन शब्दांवर कोण थांबतो? ओढ डिझेलने येते, म्हणून टर्बो लागला की पंप वाढतोच. आणि मग द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरचे काम आठवावे लागते. मोटारीला पूर्ण जोर लागतो तो ओव्हरटेक करताना किंवा कसारा घाट चढताना. बागेतला छोटा ट्रॅक्टर पीटीओवर ब्लोअर लावून ओळीमागून ओळ, तासन्‌तास एकाच चढ्या आरपीएमला चालतो. टर्बोचे लोखंड, पिस्टन, ऑइल यांना थंड व्हायला उसंतच मिळत नाही. फवारणीचा थर, गंधकाची भुकटी आणि पालापाचोळा यांनी रेडिएटरची जाळी बुजलेली असते. टर्बोच्या दांड्याला लाखभर आरपीएमला तेलाची पातळ फिल्म तोलून धरते. ते तेल इंजिनाच्या मूळ पंपातून उसने घेतलेले असते, आणि काम संपल्यावर ड्रायव्हर लगेच इंजिन बंद करतो तेव्हा त्या तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जागेवर करपते. टर्बोच्या आधीच्या नळीत एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा पायरोमीटर बसवून, ते सतत ७०० अंशांच्या वर जाणार नाही इतकेच डिझेल सोडणारा मिस्त्री असेल, तर माझी हरकत उरत नाही. धुराच्या रंगावर डिझेल ठरवणाऱ्याला मात्र माझा ठाम नकार आहे.

मोठा ट्रॅक्टर परवडत नाही म्हणून आहे त्याची ओढ वाढवतो, असे छोटा शेतकरी म्हणतो. ही गरज खरी आहे, आणि 'नियमात बसत नाही' असे सांगून ती उडवून लावणे मला पटत नाही. पण हिशेब त्याच्याच बाजूने करून बघू. बागेत ट्रॅक्टर बंद पडायला सर्वांत वाईट वेळ कोणती? ऑक्टोबर छाटणीनंतर, फुटी कोवळ्या असताना, रात्री पाऊस पडून गेला की पहाटे डाऊनी रोगावरची फवारणी करावी लागते. ती एक दिवस पुढे गेली तर फुलोऱ्यातले घड हातचे जातात. नेमक्या त्याच आठवड्यात ट्रॅक्टरवर सर्वांत जास्त ताण असतो, आणि कमजोर झालेले इंजिन तेव्हाच बसते. त्यामुळे इथे किंमत मोजायची ती बोअर-पिस्टनच्या बिलाने नव्हे, हंगामाने. शिवाय पुष्कळदा ओढ कमी झालेली असते ती झिजलेल्या नोझलमुळे, बुजलेल्या एअर फिल्टरमुळे, बिघडलेल्या टायमिंगमुळे किंवा उतरलेल्या कॉम्प्रेशनमुळे. अशा इंजिनावर टर्बो चढवणे म्हणजे पेन्सिलीएवढ्या काडीवर चार घड धरणे. आणि वाढलेली ओढ फक्त इंजिनात राहत नाही. ती गिअरबॉक्समध्ये जाते, मागच्या धुऱ्यात जाते, जड ट्रॉली ओढताना पुढची चाके उचलते. छोट्या, हलक्या ट्रॅक्टरवर हा धोका ड्रायव्हरच्या जिवाचा आहे. ट्रॅक्टरच्या खेळांचे वेड कुठे नेते ते पंजाबने पाहिले. तिथे कसरती करताना एका तरुणाचा ट्रॅक्टरखाली जीव गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारला अशा कसरतींवर बंदी घालावी लागली.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. कळवल्याशिवाय बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे वेगळेच. तरुण म्हणतात, मग हौसेला आणि शिकण्याला वावच नाही का? हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते नुसत्या बंदीने काम भागत नाही, कारण बंदीने टर्बो थांबत नाही, तो फक्त मोजमापापासून दूर, आडबाजूच्या शेडमध्ये जातो. यावर तोडगा आपल्याच कायद्यात आहे. सीएनजी किटचे उदाहरण घ्या. तेही बाहेरून बसवलेलेच असते, इंजिनाचे इंधनच बदलते. पण मान्यताप्राप्त संस्थेने त्या गाडीसाठी चाचणी घेऊन किट मंजूर केलेले असते, ते अधिकृत जागीच बसवावे लागते, आरटीओकडे नोंद होते, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी लागते. टर्बोलाही हाच रस्ता ठेवावा. अमुक इंजिनासाठी अमुक किट, इतका कमाल दाब, इंटरकूलर आणि ऑइलची ही सोय, ट्यूनिंगचा हा तक्ता, धुराची ही मर्यादा. पुण्यात एआरएआय १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करते, तिच्यासाठी हे काम अवघड नाही. एवढा खर्च करून किट मंजूर कोण करून घेईल, असे कोणी विचारेल. ज्याला आपल्या किटची खात्री आहे तो घेईल. ज्याला नाही, त्याचे किट निफाडच्या ट्रॅक्टरवर चढू नये हेच बरे.

आणि हे शिकवायला नाशिक जिल्ह्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रात थोडी असेल. मायको या जुन्या नावाने आजही ओळखल्या जाणाऱ्या बॉशच्या कारखान्यात डिझेलची नोझल बनतात, जिथे चुकीला मुभा असते ती मायक्रॉनमध्ये. इगतपुरीला महिंद्रची इंजिने तयार होतात. निफाड तालुक्यातच, ओझरला, एचएएल १९६४ पासून लढाऊ विमाने बांधते, आणि तिथे प्रत्येक सुट्या भागाचे आयुष्य तासांत लिहिलेले असते. ते तास भरले की भाग दिसायला धडधाकट असला तरी उतरवला जातो. मोजून काम करणारी ही माणसे याच जिल्ह्यात, याच रस्त्यांवरून कामाला जातात. तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक डायनो, एक वाइडबँड, दोन पायरोमीटर आणि ते वापरायला शिकवणारा एक माणूस, एवढी मागणी आमदार-खासदारांकडे करायला हरकत नाही. सभामंडप आणि स्वागतकमानींपेक्षा तो खर्च जास्त उपयोगी पडेल. गावातले मिस्त्री हुशार आहेत. कानाने नोझलचा दोष ओळखणारे हात इथे आहेत, फक्त त्या कानाला आकड्याची जोड मिळालेली नाही.

हे सगळे होईपर्यंत बागेतल्या कामाच्या ट्रॅक्टरवर बाहेरचा टर्बो बसवू नका. येत्या छाटणीआधी ट्रॅक्टर गॅरेजला लावाल तेव्हा मिस्त्रीला ओढ वाढवायला सांगण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजायला सांगा. नोझल टेस्टिंगला पाठवा, रेडिएटरची जाळी उतरवून धुऊन घ्या. कॉम्प्रेशनचे आकडे वहीत लिहून ठेवा, आणि त्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर आधी इंजिनाचे काम करून घ्या.